जाड-बारीक

दुपारी कुरिअरवाला एका बिल्डरचं माहितीपत्रक देऊन गेला. फ्लॅट घ्यायचा नाही, ऐपतही नाही. पण कागद इतका गुळगुळीत की रद्दीत टाकवेना. मधोमध इंग्रजीत प्रकल्पाचं नाव, अक्षरांमध्ये ऐसपैस जागा सोडून. उभ्या रेघा भरदार, आडव्या केसासारख्या, आणि टोकांना ती नेहमीची पावलं, म्हणजे छोट्या आडव्या रेघा, नाहीत. अत्तरं, क्रीम, फॅशनची मासिकं, जिकडे बघावं तिकडे हल्ली हेच वळण. ह्यात कांदेपोहे लिहिले तरी साडेचारशे रुपये लावता येतील.

मला मात्र जाड-बारीक म्हटलं की आजोबांचा बोरू आठवतो. ते चाकूने तिरका छेद द्यायचे, टोकाला बारीकशी चीर पाडायचे आणि अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे. मग 'क'. काना उतरताना लठ्ठ, गाठीशी वळताना एकदम नाजूक. माझ्या हातात बोरू आला की सगळंच लठ्ठ. "दाबू नकोस रे, तो आपला आपण जाड होतो," असं म्हणत ते कित्ता पुन्हा पुढे सरकवायचे. शाई मनगटापर्यंत. श्रीमंती वगैरे कुठे दिसली नाही.

असली बिनपावलांची जाड-बारीक अक्षरं युरोपात पूर्वीपासून आहेत. पॅरिसमध्ये पोस्टरकार कासांद्रने १९३७ साली 'पेन्यो' नावाचा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच, काढला. त्यातल्या छोट्या लिपीत मोठ्या लिपीची रूपं घुसलेली, त्यामुळे वाचताना सारखं अडखळायला होतं. माझा जीव त्यापेक्षा सौम्य अशा 'ऑप्टिमा'वर. जाड-बारीकपणा त्यात इतका बेताचा, की चटकन लक्षातही येत नाही. त्याचा कर्ता हर्मान झाप्फ १९५० साली फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये फिरत होता. तिथे जमिनीतल्या थडग्यांच्या फरशांवर बिनपावलांची अक्षरं दिसली. जवळ कागद नव्हता, म्हणून पठ्ठ्याने हजार लिराच्या नोटेवर ती उतरवून घेतली. (आपल्याकडे नोटेवर फक्त हिशेब लिहितात, नाहीतर 'आय लव्ह यू'.) १९५८ साली टाइप बाजारात आला. एस्टी लॉडर ह्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या डब्यांवर जाऊन बसला.

आणि वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकावरही. १९८२ सालची ती काळ्या ग्रॅनाइटची भिंत. तिच्यावर अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं, जेमतेम अर्ध्या इंचाच्या अक्षरांत, ऑप्टिमात कोरलेली. ओळी आद्याक्षराप्रमाणे लावलेल्या नाहीत. हुद्दे कुठेच नाहीत. जनरल असो की शिपाई, अक्षराचं माप तेच. जो ज्या दिवशी गेला, त्या क्रमाने नाव.