भाट्याच्या खाडीतली पीएच.डी.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक, प्राचार्य, विभागप्रमुख अशी उतरंड ठरलेली असते. माझ्याही प्रबंधात ती आहे, आणि सरांचे आभार नुसती रीत म्हणून मानलेले नाहीत. तरी माझी पीएच.डी. पार पाडली ती रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत तिसऱ्या, म्हणजे चिखलातले खाण्याचे शिंपले, काढणाऱ्या बायकांनी.

विषय तिसऱ्यांच्या वाढीचा. दर महिन्याला खाडीत चौकट टाकायची, आतला गाळ चाळायचा, तिसऱ्या मोजायच्या, कॅलिपरने शिंपल्यांची लांबी घ्यायची. पाणी पुरतं मागे हटायला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण गाठावं लागतं, आणि आमच्याकडे उधाणाची सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, येते ती पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. माझ्या हातातला भरतीचा तक्ता बघून त्या बायकांतल्या एक मावशी हसल्या. "तिथीची पाऊणपट कर गो, भरतीची वेळ येते. पुढे सहा तासांनी सुकती." चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. हिशेब ढोबळच, पण महिन्याची आखणी मी त्यावरच करू लागले. चिखल कुठे पाय धरतो, कुठे खचतो, तेही त्यांनीच दाखवलं. पावसात काजळी नदीचं गोडं पाणी उतरलं की खाडीची क्षारता घटते. तेव्हा तिसऱ्या कुठे तग धरून आहेत ते मावशी पायाच्या बोटांनी चाचपून सांगत, माझा क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर पिशवीतून निघायच्या आत.

इतक्या पहाटे आमच्या वाडीतून एसटी नसते. भावजी कुरकुरत का होईना, बाइकवर सोडायचे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत पीएच.डी.साठी बायकांना दोन वर्षं वाढीव मिळतात, २४० दिवसांची प्रसूती रजाही आहे. पहाटे उठून रडणाऱ्या लेकराला कोणी घ्यायचं, हे मात्र त्यात नाही. ते सासूबाईंनी केलं, आणि "तुझं ते शिंपल्यांचं कधी संपणार" हेही त्याच विचारायच्या. ग्रंथपालांचाही उल्लेख करायलाच हवा. प्रबंधातला मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगणारा साम्य अहवाल १० टक्क्यांच्या आत आहे ना, याची काळजी माझ्याहून त्यांनाच जास्त.

मौखिक परीक्षा खुली असते, म्हणून मावशींना बोलावलं. नेमकी पौर्णिमा होती.

"उधाणाची सुकती सोडून तुझ्या परीक्षेला येऊ? आधी तिसऱ्या, मग बाजार. पेढे तेवढे घेऊन ये."