गायक डॅशबोर्डच्या मध्यभागी आणताना

आपल्याकडे गाडीत चालक उजवीकडे बसत असल्याने गाणी ऐकताना उजवा स्पीकर त्याच्या कानाला जवळ आणि डावा बराच लांब पडतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापतो, आणि एवढ्याशा फरकानेही मेंदू आधी पोहोचलेल्या आवाजाकडे झुकतो; म्हणून गायक समोर उभा न राहता उजव्या दारात अडकल्यासारखा वाटतो.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानात फिटिंगला जाण्यापूर्वी ट्वीटर (उच्च स्वरांचे छोटे स्पीकर) दुहेरी टेपने ए-पिलरच्या, म्हणजे समोरच्या काचेलगतच्या खांबाच्या, बुडाशी तात्पुरते चिकटवावेत, आणि रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन बंद ठेवून, ओळखीचे रेकॉर्डिंग ऐकत ते थोडे थोडे वळवावेत. (दिवसा हॉर्नपुढे काय ऐकू येणार!) दोन्ही ट्वीटर आतल्या आरशाकडे रोखले, की उजव्याचा तिखटपणा कमी होतो, कारण उच्च स्वर सरळ रेषेबाहेर झपाट्याने क्षीण होतात. काचेकडे तोंड केल्यास मात्र परावर्तनामुळे ध्वनिप्रतिमा, म्हणजे गायक नेमका कुठे आहे याचा भास, पसरट होते. पडदा-एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग) असलेल्या पिलरला भोक पाडू नये.

डीएसपीने (ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या डिजिटल उपकरणाने) जवळच्या स्पीकरला विलंब देणे यानंतरचे काम आहे. त्याने चालकाचे भागते, शेजारच्याचे बिघडते.