खात नाहीस, तर मासे पकडतोस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही सगळ्यांनीच. लिफ्टमध्ये रॉडची पिशवी दिसली की सोसायटीतले काका न चुकता विचारतात, जेवताना मेहुणी विचारते, आणि दर रविवारी पहाटे साडेचारला दार लावून घेताना आई विचारते.

मासे मी खातो. गणेश पेठेतून सुरमई आणतो, कालवणही मीच करतो. पण गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, असं आजोबा रत्नागिरीहून येतानाच ठरवून आले होते. म्हणून धरणातला मासा गळ काढून परत सोडतो. भूतदया वगैरे काही नाही त्यात. आणि हो, पैसे भरून, पावती घेऊनच बसतो.

पानशेतच्या फुगवट्याचा एक फाटा ओढ्याच्या तोंडापर्यंत आत शिरलाय. तिथलं पाणी गढूळ. बोटावर दोरी घेऊन बसायचं. चिलापी टुकटुक टोचत पेंडीची गोळी संपवते आणि हाती लागत नाही. रोहू आधी हुंगल्यासारखा हलवतो, मग एकदम घेऊन सुटतो. मृगळ तळाशी घुटमळतो. वाम दगडात शिरली की दोरी गेलीच म्हणायची. दिवेलागणीला शिंगाळा येतो, तेव्हा मनगटालाच कळतं. यातले रोहू-मृगळ मूळचे गंगेकडचे, बीज सोडून इकडे आणलेले. चिलापी आफ्रिकेची, 1952 साली भारतात आली. शिंगाळा मात्र इथलाच; साइक्स नावाच्या इंग्रज साहेबाने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा त्याचं मराठी नावच शास्त्रीय नावात घातलं. पुण्यासारखीच वस्ती आहे खाली, मूळचे थोडे, बाहेरचे फार.

कोण आहे ते न बघता ओळखायचं, एवढ्यासाठी मी जातो. हे उत्तर मी दहा वर्षं देत होतो आणि मला ते पुरत होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणापर्यंत. (श्रावणात तुमचा प्रश्न बंद असतो, हेही नोंदवून ठेवतो.) धरण काठोकाठ, काठचं गवत बुडालेलं. गवताच्या कडेला पाण्यावर ताटाएवढा लालसर डाग सळसळत होता. मरळीची पिल्लं. पेराएवढीही नव्हती, शेकड्यांनी होती. हवा घ्यायला ती अशी घोळक्याने वर येतात आणि आईबाप खाली राखण करतात. घोळक्यावर काही पडलं, की भूक असो-नसो, अंगावर धावून येतात. हे मला माहीत होतं. मरळीच्या मागे लागलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मी गळ लावलेला रबरी बेडूक त्या डागाच्या बरोबर मधोमध टाकला.

पाणी फाटलं. दोन मिनिटांत मरळ काठावर. हातभर लांब, काळपट, डोकं सापासारखं. गळ जबड्यात आडवा बसलेला आणि पक्कड नेमकी पिशवीच्या तळाशी. मग फोटो. मित्र म्हणाला, अजून एक, जरा उजेड येऊ दे. मरळ वरची हवा घेते, लगेच मरत नाही. ते आम्हाला सोयीचं वाटलं. चार-पाच मिनिटं गेली असतील. मागे छपछप ऐकू आली म्हणून वळलो. डाग विस्कटला होता आणि खालून काहीतरी, बहुधा चिलापी, त्यात घुसत होतं. खंड्या दोनदा येऊन गेला. मी मरळ सोडली. ती सरळ खोल पाण्यात गेली, गवताकडे वळली नाही. अर्धा तास बघत बसलो. डाग परत जमला, बशीएवढा.

जोडीतली दुसरी होतीच की खाली. पिल्लं तशीही बहुतेक मरतात. जाळ्यात तर अख्खी कुटुंबं जातात. हे सगळं मी खडकवासल्यापर्यंत गाडीत बोलत होतो. मित्राने काही विचारलंही नव्हतं. पण न बघता ओळखायचं हे माझंच वाक्य, आणि त्या दिवशी खाली कोण आहे ते मला बेडूक टाकायच्या आधीच माहीत होतं.

आता पावसाळ्यात रबरी बेडूक घरी राहतो. प्रायश्चित्त म्हणू नका, पेंड घेऊन जातोच. मागच्या रविवारी एक चिलापी वर आली, गळ कल्ल्यापाशी बाहेरून अडकलेला. सोडवताना तिच्या तोंडातून तीन-चार पिल्लं माझ्या तळहातावर पडली. चिलापीची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, हेही मला माहीत होतं. हात तसाच पाण्यात बुडवला आणि तिला शेजारी सोडलं. तिने ती परत घेतली का, ते गढूळ पाण्यात दिसलं नाही.