पडद्याबाहेर राहिलेले हात

गेल्या आठवड्यात रात्रीच्या मालिकेत एक प्रसंग होता. दागिने चोरल्याचा आळ आलेली कर्णबधिर सून आपली बाजू सासूला खुणांनी सांगत होती. तिचे हात चालू असतानाच कॅमेरा तिच्या भरलेल्या डोळ्यांवर गेला, तिथून सासूच्या चेहऱ्यावर, मग देव्हाऱ्यातल्या समईवर, आणि मागे व्हायोलिन वाजत राहिले. माझी आई जन्मापासून कर्णबधिर आहे. तिने माझ्या दंडाला हात लावून विचारले, "ती काय म्हणाली?" मला ऐकू येते, तरी उत्तर माझ्याकडेही नव्हते, कारण हात पडद्यावर नव्हतेच.

बोलणाऱ्या पात्राचे वाक्य अर्ध्यावर असताना त्याचा आवाज बंद करावा, असे कोणत्याही दिग्दर्शकाच्या मनात येणार नाही. हातांच्या बाबतीत मात्र ते सर्रास घडते, कारण मालिका लिहिणाऱ्यांच्या लेखी खुणा म्हणजे भावना, भाषा नव्हे. वास्तविक भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, हो-नाही उत्तराचा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो, आणि चेहरा स्थिर ठेवला तर तीच खूण प्रश्न न राहता विधान होते. मालिकेतल्या नटीने खुणा पाठ केलेल्या असतात, पण तिच्या भुवया हलत नाहीत. आईची पहिली तक्रार नेहमी हीच असते.

ओठवाचनाचेही तसेच. मालिकेतली कर्णबधिर मुलगी दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला शिजणारा कट नुसत्या ओठांवरून ओळखते. मामा, बाबा आणि पापा हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहावेत. तिन्ही एकसारखेच दिसतात.

मला अधिक खुपते ते दुभाष्याचे चित्रण. मालिकांत दुभाषी हा व्यवसाय म्हणून जवळजवळ नसतोच. प्रेमात पडलेला नायक किंवा धाकटा दीर ते काम करतो आणि "ती म्हणतेय की" अशी सुरुवात करून मनाला येईल तितके सांगतो. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जे पहिले नाटक केले, त्यात पदे गाऊन कथा पुढे नेण्याचे काम सूत्रधाराकडे होते. मालिकेतला दुभाषी तसाच सूत्रधार होऊन बसतो, आणि जिचे बोलणे आहे ती नुसती उभी राहते. प्रशिक्षित दुभाषी "मी" असेच म्हणतो, कारण शब्द समोरच्या व्यक्तीचे असतात. तो पदरचे काही घालत नाही, ऐकलेले काही गाळत नाही, आणि तिथे कळलेले बाहेर बोलत नाही.

हे गाळणे काय असते, ते मी केलेले आहे. मी तेरा वर्षांची असताना मिरजेतल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी आईकडे न पाहता मला सांगितले, "आईला सांग, पिशवी काढावी लागेल." गर्भाशयाची खूण मला येत नव्हती, आणि बाहेरच्या बाकावर वडील, काका, शेजारचे लोक बसलेले असल्यामुळे लाजही वाटत होती. मी आईला खुणेने सांगितले, पोटाचे लहानसे ऑपरेशन आहे. आपल्या शरीरातून काय काढले गेले, हे तिला आठव्या दिवशी मावशीकडून कळले. तिने मला रागावले नाही. नंतर कितीतरी महिने मात्र दवाखान्यात माझ्याऐवजी ती मावशीला नेत असे. हाच प्रसंग मालिकेत आला असता, तर आईचे दुःख झाकणारी गुणी लेक म्हणून तो दाखवला गेला असता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश केला. दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर गेला असून त्यात वैद्यकीय आणि कायद्याचे शब्दही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये एक कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानच्या एनएचके वाहिनीने न्यायालयातल्या सांकेतिक भाषेच्या दुभाष्यावर मालिका केली. तिचा नायक कर्णबधिर आई-वडिलांचा ऐकू येणारा मुलगा आहे, आणि कर्णबधिरांच्या भूमिका कर्णबधिर कलावंतांनीच केल्या आहेत. अमेरिकेतल्या 'स्विच्ड अ‍ॅट बर्थ' या मालिकेने तर मार्च २०१३ मध्ये एक भाग जवळजवळ संपूर्णपणे सांकेतिक भाषेत दाखवला होता. मराठीत हे का होऊ नये, याचे पटेल असे कारण मला सापडत नाही.

त्या रात्री मालिका संपल्यावर आईने दूरचित्रवाणी संच बंद केला, दिव्याखाली उभी राहिली आणि त्या सुनेने काय सांगायला हवे होते, ते स्वतः सांगितले. कपाटाच्या दोन किल्ल्या, त्यातली एक नणंदेच्या कमरेला, दुपारी पाणी भरायला गेले तेव्हा कपाट बंद, परतले तेव्हा दार किलकिले, आणि मग भुवया उंचावून सासूला थेट प्रश्न, "तुम्ही तिला विचारलेत?" वडील जेवता जेवता थांबून पाहत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि खुणेनेच विचारले, "मग सासू काय म्हणाली?"