७६.८ वर अडकलेले सात आठवडे

७६.८, ७७.१, ७६.६, पुन्हा ७६.८. हे आकडे मला अजून पाठ आहेत. सात आठवडे मी रोज सकाळी काट्यावर उभी राहायचे आणि रोज माझा दिवस तिथेच बिघडायचा. वजन कमी करायला निघालेल्याला सुरुवात कशी करायची हे सगळेच सांगतात. मध्येच काटा हलायचा थांबला तर काय करायचं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून आज मुख्यतः तेवढंच लिहितेय.

सुरुवातीचं थोडक्यात. उंची १५८ सेंटीमीटर, वजन ८३.४ किलो, रक्तदाबाची गोळी चालू, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसी ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, सध्या आहे त्या वजनातलं पाच ते दहा टक्के उतरवलंत तरी साखर आणि रक्तदाब दोन्हींत फरक दिसेल. आधी मी वीस-पंचवीस किलोंचा विचार करून बसले होते, त्यापुढे चार ते आठ किलो हा आकडा झेपण्यासारखा वाटला. मी रोज चालायला लागले, गोड पेयं बंद केली, रात्रीचं जेवण लवकर घेऊ लागले. तीन आठवड्यांत ३.१ किलो उतरले.

त्या तीन किलोंनीच पुढे माझा घात केला. हे वजन बरंचसं पाण्याचं असतं. शरीर साठवणीची साखर ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि तिच्या एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा उतरतो, त्याच्याबरोबर पाणीही जातं. मला वाटलं, माझा वेगच एवढा आहे. पुढच्या आठ आठवड्यांत ३.५ किलो उतरले. म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतबाहेर, आणि हाच खरा, चांगला वेग. मला मात्र तो कमी वाटायला लागला होता. म्हणून दहाव्या आठवड्यात जिम लावली, वजनं उचलायला सुरुवात केली. आणि बाराव्या आठवड्यात काटा थांबला.

पहिला आठवडा मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या आठवड्यात काटा बाथरूमच्या फरशीवरून उचलून स्वयंपाकघरात ठेवून पाहिला. तिसऱ्या आठवड्यात दिवसातून तीन वेळा वजन करू लागले. सकाळपेक्षा संध्याकाळी दीड किलो जास्त दिसायचं आणि रात्रीची झोप जायची. हे अजिबात करू नका. दिवसभरात खाल्लेलं, प्यायलेलं, मिठाने धरून ठेवलेलं पाणी, सगळं त्या आकड्यात असतं. बायकांचं तर पाळीच्या आधी किलो-दोन किलोने सहज वर जातं.

चौथ्या आठवड्यात जिममधल्या ट्रेनरला विचारलं. रोजचं खाणं मी ज्या वहीत लिहायचे, तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "मॅडम, रात्रीचं जेवणच बंद करून टाका." त्या सल्ल्याचा राग अजून गेलेला नाही. मी नऊ दिवस रात्री काही खाल्लं नाही. घरात सगळ्यांवर चिडचिड करत होते, व्यायामात हात थरथरायचे. दहाव्या रात्री साडेअकराला फ्रिज उघडला आणि दिवा न लावता, उभ्या-उभ्या, हाताला लागेल ते खात सुटले. चवसुद्धा कळत नव्हती. मग ओट्याला टेकून रडले. सकाळी ७७.४. त्या दिवशी चालायला गेले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सोडून द्यायच्या सगळ्यात जवळ मी तेव्हा होते.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले आणि थायरॉइडची तपासणी करून घेतली. खरं सांगायचं तर त्यात काहीतरी निघावं असं मला मनापासून वाटत होतं. निघालं असतं तर दोष माझा नसता. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "तेल मोजून घालता?" मी म्हटलं, अंदाज आहे मला. "मग एक आठवडा अंदाज नको. तोंडात जाईल ते सगळं मोजा आणि लिहा."

दुसऱ्या दिवशी भाजी करताना नेहमीसारखी बाटली कढईवर धरली नाही. सवयीने जेवढं तेल ओतलं असतं तेवढं एका वाटीत ओतलं आणि टेबलस्पूनने मोजून काढलं. एक चमचा, दोन चमचे, तीन, आणि वाटीत अजून थोडं शिल्लक. वहीत मी रोज लिहित होते: तेल १ चमचा. असा एक चमचा म्हणजे साधारण १२० कॅलरी. वरचे दोन चमचे तिघांत वाटले तरी माझ्या वाट्याला एका वेळी ८० आणि दोन वेळचे १६० जास्त जात होते. त्यात मुलीच्या ताटातलं उरलेलं, शिजवताना चव बघितलेलं, चहाबरोबर तोंडात टाकलेलं. यातलं वहीत काहीच नव्हतं. आठवडाभर सगळं लिहिल्यावर दिवसाला तीनशेच्या वर कॅलरी बिननोंदीच्या निघाल्या.

एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. रोज पाचशेची तूट राहिली तर ती उतरायला पंधरा दिवस लागतात. त्या पाचशेतले तीनशे असे गेले. शिवाय साडेसहा किलोंनी हलक्या झालेल्या शरीराला बसता-उठताना, चालताना आधीपेक्षा कमी ऊर्जा लागते. तूट जवळपास संपलीच होती. शरीराने माझ्याशी काही वैर धरलं नव्हतं.

नंतर वाचनात आलं की १९९२ साली अमेरिकेत असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. रोज १,२०० कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं काटेकोर मोजलं, तेव्हा ते सरासरी ४७ टक्के कमी नोंदवत होते आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. ती माणसं खोटारडी नव्हती. मीही नव्हते. अंदाज असाच चुकतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नव्याने वजनं उचलायला लागलं की स्नायू काही आठवडे पाणी धरून ठेवतात. त्या सात आठवड्यांत कंबर मात्र बहुधा कमी होत होती, पण ते कळणार कसं? टेप कपाटातच होता, मी काढलाच नव्हता. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच: पहिल्या दिवशी बेंबीच्या रेषेत कंबर मोजा, तारीख घालून लिहून ठेवा आणि दर पंधरवड्याला त्याच जागी मोजा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असा साधा ठोकताळा आहे. माझ्यासाठी ते ७९ होतात. आज ८९ आहे.

वजन रोज करायचं असेल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी करा. सात दिवसांचे आकडे मिळवून सातने भागा आणि एका आठवड्याची सरासरी फक्त दुसऱ्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. रोजच्या आकड्याने त्रास होत असेल तर आठवड्यातून एकदाच काट्यावर उभं राहा.

तेल चमच्याने मोजायला लागल्यावर दहाव्या दिवशी ७६.१ दिसले. मी काट्यावरून उतरून पुन्हा चढले. ७६.१च. पुढचे सात किलो उतरायला जवळपास पाच महिने लागले, त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

लोक विचारतात, रोज उत्साह कुठून आणतेस. बहुतेक दिवशी नसतोच. मी स्वतःशी एवढंच ठरवलंय की बूट घालून दहा मिनिटं चालायचं, नंतर वाटलं तर परत यायचं. परत आले असे दिवस एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसले, कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंतही लागतील असा अंदाज निघाला. २१ दिवसांत सवय लागते असं लोक म्हणतात, पण तेवढ्यात जमलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही.

झोपेचं राहिलंच. ज्या रात्री पाच तास झोप होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर मला खाणं आवरत नाही. आधी वाटायचं, मनाचा कमकुवतपणा. पण झोप कमी पडली की भूक वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आणि प्रत्येक जेवणात प्रथिनं घ्या: डाळ, कडधान्यं, अंडी, दही, मासे, जे खात असाल ते. पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच सुरुवात करा आणि वजन उतरत असताना पुन्हा दाखवत राहा. मला सहाव्या महिन्यात आठवडाभर अंथरुणातून उठताना गरगरत होतं आणि मी ते अशक्तपणा समजून अंगावर काढत होते. रक्तदाब मोजला तेव्हा कळलं की आधीची गोळी आता जास्त होतेय. डॉक्टरांनी त्याच दिवशी ती अर्धी केली.