सिकार पॉइंट, चौथा प्रयत्न

तिसरं जलरंगचित्र फाडलं नाही, पण त्याची पाठ आता रंग तपासायला वापरतोय. यावरून काय ते समजा.

विषय तोच. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे खडक, फोटोंवरून. खाली करडे थर जवळजवळ उभे, फळीवर दाटीने लावलेल्या वह्यांसारखे; वर तांबडा वालुकाश्म, जरासा कलता. १७८८ साली भूवैज्ञानिक जेम्स हटन हा प्लेफेअर आणि हॉल या मित्रांना घेऊन होडीने इथे आला होता. करडा गाळ समुद्रतळाशी साचला, खडक झाला, मुडपून उभा राहिला, झिजला, आणि मग त्यावर तांबडा बसला. दोन्हींच्या मध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षं. चित्रात ती दाखवायला मिळते फक्त एक कड.

आधी मी तिथे पेन्स ग्रेची (निळसर गडद करड्या रंगाची) रेघ मारायचो. दिसायचं व्यंगचित्र! या वेळी रेघच नाही. निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून केलेला करडा आधी, तो पूर्ण वाळू दिला (इथेच माझा धीर सुटतो), मग तांबडा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वरून ओढत आणला आणि थरांच्या तुटक्या टोकांमध्ये उतरू दिला. खडकही याच क्रमाने झाला, हे निम्मं काम झाल्यावर लक्षात आलं. तांबड्यासाठी नुसता बर्न्ट सिएना पुरला. वालुकाश्माचा तांबडेपणा लोह ऑक्साइडचा, आणि या रंगाचाही तोच.

आता माणूस. पहिल्या चित्रात तो २ सेंमी उंच, लाल जॅकेटमध्ये होता. नजर थेट त्याच्यावर जायची आणि खडक नाटकाचा पडदा व्हायचा. चिनी चित्रकार फान क्वानच्या इ.स. १०००च्या सुमाराच्या २ मीटरहून उंच डोंगरचित्रात खेचरांचा तांडा तळाशी आहे, तो उशिरा सापडतो. मला तो उशीर हवा होता. म्हणून ४ मिमी, खडकाच्याच करड्यात, डोकं म्हणजे एक ठिपका.

मग उगाच हिशेब केला. कागद ३८ सेंमी उंच. त्यात पृथ्वीची ४५४ कोटी वर्षं बसवली, तर आपली ३ लाख वर्षं ०.०२५ मिमी. लांब केसांच्या बारीक रिगर ब्रशची सर्वांत बारीक रेघही त्याहून कितीतरी जाड. म्हणजे ४ मिमीतही माणसाचे लाडच केलेत.

समुद्र अजून सपाट आहे. उजव्या कोपऱ्यात बॅकरन आलाय, म्हणजे अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी शिरून पडलेला डाग. पावसाळी हवा म्हणून खपतोय, तेव्हा हात लावत नाही.