इव्हेंट लॉगवरून सर्व्हर मॉनिटरिंग: लेव्हल सोडून आयडीवर आलो

मंडळी, होमलॅबचं (घरी प्रयोगाला मांडलेल्या सर्व्हरचं) अपडेट. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर लक्ष ठेवायला वेगळा मॉनिटरिंग प्रोग्राम न टाकता नुसत्या विंडोज इव्हेंट लॉगवर (विंडोज आणि त्यातले प्रोग्राम घडामोडी नोंदवतात ती वही) कितपत भागतं ते बघतोय, आणि खरंच बरंच भागतं, फक्त लेव्हलच्या (क्रिटिकल, एरर, इन्फर्मेशन अशा तीव्रतेच्या) फिल्टरवर विसंबायचं नाही. क्रिटिकल आणि एरर तेवढे उचला असं सगळे सांगतात पण मग सगळ्यात मोलाचे इव्हेंट हातातून निसटतात.

आयडी ८२५ घ्या, आयडी म्हणजे त्या प्रकारच्या इव्हेंटचा ठरलेला नंबर. डिस्कवरून पेज (डेटाबेस फाइलचा छोटा तुकडा) वाचताना आधी फेल झालं आणि पुन्हा प्रयत्न केल्यावर वाचलं गेलं, असा तो मेसेज. त्याची सिव्हिरिटी (गांभीर्याचा आकडा) १०, म्हणून लॉगमध्ये इन्फर्मेशन होऊन बसतो, आणि तीच डिस्क उद्या ८२३ नाहीतर ८२४ (पेज वाचताच न येण्याचे किंवा खराब निघण्याचे एरर) देणार असते म्हणजे तोवर नुकसान झालेलं. ८३३ पण तसाच, आयओला (डिस्कवर वाचणं-लिहिणं) १५ सेकंदांच्या वर लागले तरी इन्फर्मेशनच. चुकीच्या लॉगिनचा १८४५६ सुद्धा एरर म्हणून येत नाही. म्हणून आता प्रोव्हायडर (इव्हेंट नोंदवणारा प्रोग्राम) आणि आयडी अशी जोडी धरून यादी केलीये, नुसता आयडी चालत नाही कारण तोच नंबर दुसरा प्रोव्हायडर भलत्याच गोष्टीला वापरतो.

लॉग वाचायच्या पॉवरशेलच्या गेट-विनइव्हेंट कमांडला फिल्टर-हॅशटेबल द्या, व्हेअर-ऑब्जेक्ट नको, त्यात आधी सगळा लॉग ओढला जातो आणि मग गाळला जातो. हे इव्हेंट ज्यात येतात त्या ॲप्लिकेशन लॉगची डिफॉल्ट साइज २० एमबी असते, तीही वाढवून घ्या नाहीतर जुनं पुसलं जातं.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे न आलेल्या इव्हेंटवर अलर्ट. बॅकअप फेल झाला तर ३०४१ येतो हे ठीक, पण ठरलेल्या वेळी बॅकअप चालवणारी एसक्यूएल सर्व्हर एजंट सर्व्हिसच बंद पडली तर बॅकअप सुरूच होत नाही आणि ३०४१ पण येत नाही, सगळं शांत. म्हणून स्क्रिप्ट १८२६४ शोधते, फुल बॅकअप झाल्याचा मेसेज, आणि ठरलेल्या वेळेत तो दिसला नाही की मेल टाकते. ट्रेस फ्लॅग (एसक्यूएल सर्व्हरचं वागणं बदलणारं स्विच) ३२२६ चालू असेल तर हे जमणार नाही, तो यशस्वी बॅकअपचे मेसेज दाबून टाकतो, आधी तेवढं तपासा.

आता इव्हेंट फॉरवर्डिंग (एका मशीनचे इव्हेंट दुसऱ्या मशीनला पाठवणं) लावायला घेतलंय. स्क्रिप्ट अजून त्याच मशीनवर चालते आणि मशीनच पडलं तर ओरडणार कोण, तेव्हा इव्हेंट गोळा करणारा कलेक्टर वेगळ्या मशीनवर हलवतोय.